मूत्राशय काढावा की राखावा?

मूत्राशय हा ओटीपोटात, जघनास्थीच्या मागे असलेला, स्नायूंनी बनलेला एक पोकळ अवयव होय. मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून थोडे थोडे त्यात उतरते, सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर साठेपर्यंत तेथे थांबते आणि मनुष्याच्या इच्छेनुसार बाहेर टाकले जाते. निरोगी माणसाला या अवयवाची आठवण दिवसातून पाचसहा वेळांहून अधिक होत नाही. परंतु साठवणे, रोखून धरणे आणि योग्य वेळी रिकामे होणे ही तीन कामे तो बिनबोभाट करीत असतो, म्हणूनच माणसाची झोप, प्रवास, कामधंदा, दांपत्यजीवन आणि चारचौघांतील वावर सुरळीत चालतो. या अवयवाला कर्करोग झाला आणि तो काढून टाकावा की जागेवर ठेवून उपचार करावेत असा प्रश्न उभा राहिला, म्हणजे तो केवळ शरीरशास्त्राचा प्रश्न राहत नाही. एका पारड्यात आयुष्याची वर्षे आणि दुसऱ्या पारड्यात त्या वर्षांचे स्वरूप, असे त्याचे रूप रुग्णाला व त्याच्या आप्तांना भासते. हे रूप कितपत खरे आहे आणि निवड करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी जाणून घेतल्या पाहिजेत, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

रोग आणि त्याची खोली

मूत्राशयाच्या भिंतीत आतून बाहेर असे मुख्यतः चार थर असतात. मूत्राच्या सतत संपर्कात असणारे पातळ अस्तर, त्याखालील संयोजी ऊतकाचा विरळ थर, नंतर स्नायूंचा जाड थर आणि सर्वांत बाहेर चरबी. बहुतेक कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतात. त्याच्या कारणांत तंबाखूच्या धूम्रपानाचा क्रमांक पहिला लागतो. धुरातील विषारी द्रव्ये फुप्फुसांतून रक्तात व रक्तातून मूत्रात येतात आणि मूत्राशयात तासन् तास अस्तराला लागून राहतात. रंगद्रव्यांच्या कारखान्यांतील काही रसायनेही असाच परिणाम घडवून आणतात. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक ल्युडविग रेन यांनी १८९५ मध्ये अशा कारखान्यातील कामगारांत आढळलेल्या मूत्राशयाच्या गाठींकडे प्रथम लक्ष वेधले होते.

या रोगाचे पहिले लक्षण बहुधा वेदनारहित असते. लघवीतून रक्त जाते, परंतु दुखत नाही. एकदोन दिवसांनी रक्त आपोआप थांबते आणि आठवडेच्या आठवडे पुन्हा दिसत नाही. त्यामुळे रुग्ण निर्धास्त होतो. उष्णता झाली असेल, मूतखडा असेल, अशी समजूत करून घेतली जाते. स्त्रियांच्या बाबतीत तर जंतुसंसर्गाची औषधेच पुनःपुन्हा दिली जाण्याचा संभव असतो. अशा रीतीने वाया गेलेले महिने पुढे भरून काढता येत नाहीत.

निदान होते त्या वेळी सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांत रोग वरच्या थरांपुरता मर्यादित असतो. अशा वेळी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात आणि आवश्यक तर मूत्राशयात औषध सोडतात. क्षयप्रतिबंधक लस म्हणून भारतातील घराघरांत ठाऊक असलेली बी.सी.जी. ही अशा औषधांपैकी एक होय. कॅनडातील किंग्स्टन येथील अल्व्हारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तिचा हा उपयोग प्रसिद्ध केला. या रुग्णांपैकी बहुतेकांना मूत्राशय काढण्याचा प्रश्न सहसा भेडसावत नाही.

उरलेल्या चौथ्या हिश्शात मात्र रोगाने स्नायूंचा थर गाठलेला असतो. या थरात रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या विपुल असतात. त्यांतून कर्कपेशी शरीराच्या इतर भागांत जाऊ शकतात. उपचार न मिळाल्यास अशा रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण दोनतीन वर्षांतच दगावतात. काढावा की राखावा हा प्रश्न मुख्यतः या रुग्णांपुढे उभा राहतो.

एक प्रसिद्ध उदाहरण

अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री यांच्या आजाराची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६७ मध्ये, उपराष्ट्राध्यक्षपदावर असतानाच, त्यांच्या लघवीतून रक्त गेले. तपासणीत काही पेशी संशयास्पद वाटल्या, परंतु निश्चित निदान झाले नाही. १९७३ मध्ये त्यांच्यावर किरणोपचार करण्यात आले. १९७६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे त्यांचा मूत्राशय काढण्यात आला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्करोग कटिरपोकळीत पसरल्याचे व तो शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेल्याचे आढळले. १३ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९४ मध्ये, जतन करून ठेवलेल्या १९६७ च्या नमुन्यातील पेशींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. १९७६ मध्ये काढलेल्या गाठीत जो जनुकीय बिघाड होता, तोच १९६७ च्या पेशींतही आढळला.

एका रुग्णाच्या हकिकतीवरून कोणत्याही उपचाराचा कस लागत नाही. त्या काळचे किरणोपचार आजच्यासारखे नेमके नव्हते आणि त्यांना औषधांची जोडही नव्हती. तरीही दोन गोष्टी या हकिकतीतून स्पष्ट होतात. उपचाराची निवड जितकी महत्त्वाची तितकीच त्याची वेळ महत्त्वाची. आणि मूत्राशय संपूर्ण काढला तरी रोग आधीच बाहेर पडला असेल, तर केवळ शस्त्राने त्याला गाठता येत नाही.

शस्त्रक्रियेचा मार्ग

संपूर्ण मूत्राशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८७ मध्ये जर्मनीतील कलोन येथे बार्डनहॉयर यांनी केली. रुग्ण थोड्याच दिवसांत दगावला. अवयव काढणे साधले होते, परंतु मूत्रपिंडांतून येणारे मूत्र जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नव्हते. मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडण्याचा उपाय पुढे बरीच वर्षे प्रचारात होता. पण त्यामुळे मूत्रपिंडांना वारंवार जंतुसंसर्ग होई आणि रक्तातील क्षारांचा समतोल ढळे. १९५० मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्याचा उपयोग करण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि ही शस्त्रक्रिया रुग्णांना पेलण्याजोगी झाली.

आजच्या शस्त्रक्रियेत पुरुषाच्या बाबतीत मूत्राशयाबरोबर प्रॉस्टेट ग्रंथी व वीर्याशय काढले जातात. स्त्रीच्या बाबतीत पुष्कळदा गर्भाशय, अंडाशय आणि योनिमार्गाचा काही भाग काढावा लागतो. दोघांच्याही कटिरपोकळीतील लसीका ग्रंथी काढून तपासल्या जातात. मूत्राला वाट करून देण्याचे दोन मार्ग मुख्य आहेत.

पहिला ब्रिकर यांचा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे १५ ते २० सेंटिमीटरांचा तुकडा वेगळा करतात, मूत्रवाहिन्या त्याला जोडतात आणि त्याचे एक टोक पोटाच्या त्वचेवर उघडे ठेवतात. या तोंडावर चिकटवलेल्या पिशवीत मूत्र सतत जमा होत राहते. पिशवी दर काही तासांनी रिकामी करावी लागते व काही दिवसांनी बदलावी लागते. हे तोंड पोटावर कोठे असावे हे शस्त्रक्रियेपूर्वीच, रुग्णाला उभे करून, बसवून आणि निजवून, ठरवावे लागते. साडीच्या परकराची नाडी, धोतराची गाठ किंवा विजारीचा पट्टा नेमका त्यावर आला, अथवा मांडी घालून बसताना तेथे घडी पडली, तर पिशवी टिकत नाही व गळती होते.

दुसऱ्या मार्गात आतड्याचा अधिक लांब, सुमारे ५० ते ६० सेंटिमीटरांचा, भाग उलगडून व शिवून त्याची एक थैली बनवितात आणि ती मूत्रमार्गालाच जोडतात. बाहेरून पिशवी लागत नाही, हे या नव्या मूत्राशयाचे मोठे आकर्षण होय. परंतु आतडे म्हणजे मूत्राशय नव्हे. थैली भरल्याची जाणीव पूर्वीसारखी होत नाही. घड्याळ पाहून लघवीस जावे लागते, पोटावर ताण देऊन थैली रिकामी करण्यास शिकावे लागते, आणि रात्री गजर लावून उठले नाही तर अंथरूण भिजण्याचा संभव असतो. काही जणांना रबरी नळी स्वतः घालून थैली रिकामी करावी लागते. मूत्रपिंडांचे कार्य चांगले नसेल किंवा मूत्रमार्गापर्यंत रोग पोहोचला असेल, तर हा मार्ग बंद होतो.

शस्त्रक्रियेचे यश लहान नाही. लॉस एंजेलिस येथील १,०५४ रुग्णांचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण ६८ टक्के होते. लसीका ग्रंथींत रोग पोहोचलेल्यांत मात्र ते ३५ टक्क्यांवर उतरले. हा फरक बोलका आहे. मृत्यू ओढवतो तो बहुधा मूत्राशयातील गाठीमुळे नव्हे, तर तिच्यातून आधीच निसटलेल्या पेशींमुळे. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी, म्हणजे कर्कपेशी मारणारी औषधे शिरेतून देणे, हितकर ठरले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत निम्मे रुग्ण ज्या मुदतीपर्यंत हयात होते, ती मुदत केवळ शस्त्रक्रियेने ४६ महिने आणि आधी औषधे दिल्यास ७७ महिने भरली. ही औषधे मूत्रपिंडांना जड जात असल्याने सर्वांनाच देता येत नाहीत. अलीकडे, २०२४ मध्ये, शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध या उपचारांना जोडल्याने रोग उलटण्याचे प्रमाण घटल्याचेही एका मोठ्या चाचणीत दिसून आले.

या यशाची किंमतही ठाऊक असली पाहिजे. न्यूयॉर्कमधील एका अनुभवी केंद्राने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,१४२ रुग्णांच्या अहवालात पहिल्या ९० दिवसांत ६४ टक्के रुग्णांना काही ना काही उपद्रव झाला, आणि गंभीर उपद्रवांचे प्रमाण १३ टक्के होते. पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर या शस्त्रक्रियेचा बहुधा परिणाम होतो. मज्जातंतू वाचविण्याचा प्रयत्न काही निवडक रुग्णांतच करता येतो आणि तोही दर वेळी सफल होत नाही.

राखण्याचा मार्ग

मूत्राशय राखणे म्हणजे कमी उपचार घेणे, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. या मार्गात तीन उपचारांची सांगड घातली जाते आणि तीही एका ठरावीक क्रमाने. प्रथम दुर्बिणीतून गाठ शक्य तितकी संपूर्ण खरवडून काढतात. नंतर मूत्राशयावर किरणोपचार सुरू होतात. त्यांच्याच जोडीने अल्प मात्रेत अशी औषधे देतात, की ज्यांच्यामुळे कर्कपेशी किरणांना अधिक सहज बळी पडतात. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. ब्रिटनमधील पद्धतीनुसार ६४ ग्रे मात्रा ३२ भागांत साडेसहा आठवडे, किंवा ५५ ग्रे मात्रा २० भागांत चार आठवडे देण्यात येते. शनिवार-रविवार सोडून रोज रुग्णालयात जावे लागते.

औषधांची जोड का हवी, याचे उत्तर ब्रिटनमधील ३६० रुग्णांच्या चाचणीने २०१२ मध्ये दिले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५४ टक्के रुग्णांत दोन वर्षांनंतर मूत्राशय व त्याच्या आसपासचा भाग रोगमुक्त होता. किरणांबरोबर फ्लुओरोयुरासिल व मायटोमायसिन ही औषधे घेतलेल्यांत हेच प्रमाण ६७ टक्के होते.

अमेरिकेतील बॉस्टन येथे विकसित झालेल्या पद्धतीत आणखी एक सावधगिरी आहे. सुमारे ४० ग्रे मात्रा झाल्यावर उपचार थांबवून दुर्बिणीने आत पाहतात. गाठ नाहीशी झाली असेल तर उरलेली मात्रा पूर्ण करतात. ती शिल्लक असेल तर वेळ न दवडता मूत्राशय काढतात. अशा रीतीने शस्त्रक्रिया टाळली जात नाही, तर राखून ठेवली जाते.

उपचार संपल्यावरही पहारा चालूच राहतो. पहिली दोन वर्षे साधारणपणे दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा दुर्बिणीने तपासणी करावी लागते आणि ती जन्मभर सोडता येत नाही. राखलेल्या मूत्राशयात वरवरच्या गाठी पुन्हा उद्भवू शकतात. त्यांवर खरवडणे व बी.सी.जी. हे उपचार चालतात. परंतु स्नायूंपर्यंत जाणारा रोग पुन्हा आला, तर मूत्राशय काढण्यावाचून सहसा गत्यंतर राहत नाही. किरण लागलेल्या भागावरील ही उशिराची शस्त्रक्रिया अधिक कठीण असते आणि तीनंतर आतड्याची थैली बनविणे पुष्कळदा शक्य होत नाही.

राखलेला मूत्राशय कामाचा राहतो काय, ही शंका रास्त आहे. उपचारकाळात लघवीची जळजळ, वारंवार लागणे आणि जुलाब यांचा त्रास होतो व तो बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. काही थोड्या रुग्णांत पुढे मूत्राशय आकसतो किंवा त्यातून अथवा गुदाशयातून रक्त जाते. बॉस्टन येथे दीर्घकाळ हयात राहिलेल्या ३२ रुग्णांच्या मूत्राशयांची कार्यपरीक्षा करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी २४ जणांचे मूत्राशय सामान्य रीतीने काम करीत होते.

तुलना का अवघड आहे?

दोन्हींपैकी कोणत्या मार्गाने अधिक माणसे वाचतात, असा सरळ प्रश्न रुग्ण विचारतो. त्याचे तितकेच सरळ उत्तर देता येत नाही, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. फार वर्षे अशी प्रथा होती, की धडधाकट रुग्णावर शस्त्रक्रिया करावी आणि वृद्ध, दुर्बल किंवा हृदयविकाराने पीडित रुग्णाला किरणोपचार द्यावेत. मग दोन्ही गटांतील मृत्यू मोजले, तर किरणोपचारांचा गट मागे पडणार हे उघडच होते. ज्यांच्या आयुष्याची दोरी मुळातच आखूड होती त्यांचा दोष उपचाराच्या माथी मारला जाई.

हा दोष टाळण्याचा शास्त्रीय उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून रुग्णांची दोन गटांत वाटणी करणे. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये अशी एक चाचणी सुरू करण्यात आली. अडीच वर्षांत तीत केवळ ४५ रुग्ण सहभागी झाले आणि ती बंद करावी लागली. मूत्राशय काढणे वा राखणे या गोष्टी इतक्या भिन्न आहेत, की त्यांची निवड नशिबावर सोपविण्यास फारच थोडी माणसे तयार होतात. डॉक्टरांचीही मते बहुधा आधीच ठरलेली असतात.

म्हणून संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. अमेरिका व कॅनडातील तीन केंद्रांत २००५ ते २०१७ या काळात उपचार घेतलेल्या ७२२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ४४० जणांचा मूत्राशय काढला होता आणि २८२ जणांचा राखला होता. विशेष म्हणजे दोन्ही उपचारांना योग्य ठरले असते अशाच रुग्णांची त्यांनी निवड केली आणि वय, गाठीची अवस्था इत्यादी बाबतींत दोन्ही गट गणिताच्या साहाय्याने तुल्य केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पाच वर्षांनंतर रोग दूरच्या अवयवांत न पसरलेल्या रुग्णांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ७४ टक्के आणि मूत्राशय राखलेल्या गटात ७५ टक्के होते. राखलेल्या गटातील ३८ जणांना, म्हणजे १३ टक्क्यांना, पुढे मूत्राशय काढावा लागला.

या आकड्यांचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. नोंदींवरून केलेली तुलना चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. शिवाय हे निष्कर्ष निवडक रुग्णांचे आणि अनुभवी केंद्रांचे आहेत. सर्व रुग्णांना दोन्ही मार्ग सारखे, असा त्यांचा अर्थ नव्हे. परंतु योग्य रुग्णाने मूत्राशय राखला तर तो आयुष्याची वर्षे गमावून सोय विकत घेतो, ही जुनी भीती आता तितकीशी टिकत नाही.

योग्य रुग्ण कोण?

याचे उत्तर बरेचसे गाठीच्या स्वभावात आहे. गाठ एकच असावी. ती फार मोठी नसावी. २०२३ च्या अभ्यासात ७ सेंटिमीटरांपेक्षा लहान गाठी असलेले रुग्णच घेतले होते. दुर्बिणीतून ती डोळ्यांना दिसेनाशी होईपर्यंत काढता यावी. तिने मूत्रवाहिनीचे तोंड दाबून मूत्रपिंड फुगलेले नसावे. एका बाजूला असे झाले असले तरी काही केंद्रे रुग्णाला नाकारीत नाहीत, दोन्ही बाजूंना झाले असेल तर मात्र राखण्याचा विचार सोडावा लागतो. अस्तरात इतरत्र चपट्या, पसरट कर्करोगाचे विस्तृत पट्टे नसावेत. आणि मूत्राशय मुळात राखण्याजोगा असावा. जो आधीच आकसलेला आहे, ज्यात अर्धा पेला मूत्रही ठरत नाही, तो वाचवून रुग्णाला फारसे काही लाभत नाही.

या अटी पूर्ण होत नसतील तर शस्त्रक्रियेचा सल्ला देणारा डॉक्टर निर्दय नसतो. उलट, त्या पूर्ण होत असूनही रुग्णाला दुसऱ्या मार्गाचे नावही सांगितले जात नसेल, तर त्याच्यापुढे निवड ठेवली गेली असे म्हणता येणार नाही.

दोन रुग्णांची कल्पना

अटी पूर्ण झाल्यावरही प्रश्न संपत नाही. समजा, सारख्याच प्रकारची गाठ असलेले दोन रुग्ण आहेत. पहिला पन्नाशीतील शिक्षक आहे. तो मोठ्या शहरात राहतो आणि किरणोपचाराचे केंद्र त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. दांपत्यजीवन आणि वर्गात तासन् तास उभे राहण्याची मोकळीक त्याला मोलाची वाटते. दर तीन महिन्यांची तपासणी तो चुकविणार नाही आणि पुढे कधी शस्त्रक्रिया करावी लागली तर ती स्वीकारण्याची त्याची तयारी आहे. दुसरा शेतकरी आहे. जिल्ह्याच्या गावापासूनही त्याचे खेडे दूर आहे. चार ते सात आठवडे मुंबई, दिल्ली, चेन्नई किंवा वेल्लोर येथे एखाद्या धर्मशाळेत राहणे, बरोबर एका आप्ताची मजुरी बुडविणे आणि नंतर जन्मभर दुर्बिणीच्या तपासणीसाठी येत राहणे त्याला झेपणारे नाही. गाठ अजून आत आहे की काय, या विचाराने त्याला झोप येणार नाही. एकदाच काय ते होऊन जावे, असे त्याला वाटते.

पहिल्याने राखण्याचा व दुसऱ्याने काढण्याचा मार्ग पत्करला, तर दोघांचेही निर्णय योग्य ठरू शकतात. मात्र दुसऱ्याच्या हिशेबात एक रकमेची भर पडली पाहिजे. पोटावर लावावयाच्या पिशव्या आयुष्यभर विकत घ्याव्या लागतात आणि त्या त्याच्या तालुक्याच्या गावी मिळतात की नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी पाहावे लागते. तसेच शस्त्रक्रियेनंतरही तपासण्या पूर्णपणे थांबत नाहीत. पहिल्याच्या हिशेबातही एक रक्कम लिहून ठेवली पाहिजे. आज राखलेला मूत्राशय उद्या काढावा लागला, तर आज मिळू शकली असती ती आतड्याची थैली तेव्हा कदाचित मिळणार नाही.

निर्णय कोणाचा व केव्हा?

रुग्णाला या दोन मार्गांची माहिती बहुधा एकाच डॉक्टरकडून मिळते. शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेचे फायदे अधिक जाणतो, किरणोपचारतज्ज्ञ किरणांचे. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नसतो. ज्याने जे आयुष्यभर केले, त्यावर त्याचा विश्वास बसतो. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१५ मध्ये या अडचणीवर स्पष्ट तोडगा सुचविला. ज्यांना दोन्ही उपचार मानवतील अशा रुग्णांपुढे दोन्ही पर्याय ठेवावेत, आणि रुग्णाने मूत्राशय काढणारा शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ व या रोगातील विशेष परिचारिका या तिघांशी सविस्तर बोलून निवड करावी, असे तिने सांगितले. भारतातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांत हे दोन्ही तज्ज्ञ एकाच छपराखाली भेटू शकतात. इतरत्र रुग्णाने स्वतःहून दुसरे मत मागावे. त्यात पहिल्या डॉक्टरचा अवमान होत नाही.

या भेटींत काही प्रश्न आवर्जून विचारावेत. गाठ स्नायूंत शिरली आहे हे नमुन्यावरून निश्चित झाले आहे काय? ती दुर्बिणीतून संपूर्ण निघाली काय? मूत्रपिंडे फुगलेली आहेत काय, आणि केमोथेरपी सोसण्याइतकी ती सुदृढ आहेत काय? हे केंद्र वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करते, आणि मूत्राशय राखण्याचे उपचार त्याने किती रुग्णांवर केले आहेत? पिशवी लावून राहणाऱ्या, थैली बसविलेल्या आणि मूत्राशय राखलेल्या एकेका माणसाशी बोलता येईल काय? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तो तसा नाही. जे जीवन पत्करावयाचे, ते जगणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले बरे.

विचारासाठी वेळ असतो, परंतु तो अमर्याद नसतो. आधी केमोथेरपी द्यावयाची नसेल, तर निदानानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ शस्त्रक्रिया लांबल्यास रुग्णाच्या जिवाला धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. दोन आठवडे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात गेले तर ते कारणी लागतात. काढ्यांत, अंगाऱ्याधुपाऱ्यांत किंवा घरातील वादविवादांत दोन महिने गेले तर निवडीची संधीच हातची जाते, कारण तोपर्यंत गाठ राखण्याच्या अटींपलीकडे वाढलेली असू शकते.

भारतीय कुटुंबात आणखी एक गोष्ट घडते. रुग्णाला धक्का बसू नये म्हणून रोगाचे नाव त्याच्यापासून लपविले जाते आणि निर्णय मुलगे, भाऊ किंवा जावई घेतात. त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु इतर काही रोगांत कदाचित चालून जाणारी ही रीत येथे चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेल्या माणसाला पोटावरील पिशवी प्रथमच दिसावी, यासारखा दुसरा धक्का नाही. रात्री गजर लावून उठावयाचे आहे ते त्यालाच, दर तीन महिन्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला सामोरे जावयाचे आहे तेही त्यालाच. म्हणून रोगाचे नाव, दोन्ही मार्ग, त्यांतील लाभ व जोखीम हे सर्व प्रथम त्याला, त्याला समजेल अशा भाषेत, सांगितले गेले पाहिजे. त्यानंतर आप्तांनी त्याला साथ द्यावी, खर्चाचा व प्रवासाचा हिशेब त्याच्याबरोबर बसून करावा, आणि तो जो मार्ग निवडील त्यावर अखेरपर्यंत त्याच्याबरोबर चालावे.